पलीकडचं विरजण

रायपूर राजधानी झालं आणि आमच्या कॉलनीसमोरचा रस्ता सहा पदरी झाला. मधे कमरेएवढा दुभाजक आणि पुढे उड्डाणपूल. शेजारच्या काकूंची मैत्रीण, आम्हा सगळ्यांची दीदी, रस्त्यापलीकडे राहते. पूर्वी काकू वाटी घेऊन तिच्याकडे विरजण आणायला जात आणि तासाभराने परतत. आता पुलाखालून वळसा पडतो आणि काकूंचे गुडघे तेवढं चालत नाहीत.

त्यामुळे मी ऑफिसला निघाले की त्या वाटी घेऊन फाटकाशी उभ्या असतात.

"येताना दीदीकडून विरजण आणशील का वं? माझं सारं संपलं."

"काकू, चमचाभर मागे ठेवत जा न. रोज काहून संपवता?"

"ध्यानातच नाही राहत, माय."

माझी कामं यादीप्रमाणे चालतात, त्यामुळे हा विसराळूपणा मला खटकायचा. तरी मी वळसा घ्यायचे. संध्याकाळी वाटी हातात देताच त्या विचारायच्या, "काय म्हणे ती?" आणि मी सांगेन ते एकेक वाक्य पुन्हा वदवून घ्यायच्या.

काल सकाळी मी माझ्या घराची किल्ली ठेवायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. काकू घट्ट, ताजं दही मांजरीच्या ताटलीत ओतत होत्या. मग त्यांनी भांडं घासून लख्ख केलं. वळल्या, तर मी दारात.

"आंबट झालं होतं," त्या पुटपुटल्या.

"रविवारी स्कूटरवर मागे बसा. मी नेते तुम्हाला पलीकडे," मी म्हटलं.

त्यांनी ओले हात पदराला पुसले.

"आज नाही जमत का वं?"