जंगलाचं प्रमाणपत्र

उमरेडच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक खडकाळ टेकाड लागतं. ते आमचं. त्यावर बाबांनी लावलेला साग आहे आणि बाबांनी न लावलेलं बरंच काही: मोह, तेंदू, चारोळी, पळस. आमचं घराणं विणकरांचं. माग बंद पडल्यावर बाबा सरकारी नोकरीत लागले आणि हातात थोडे पैसे येताच कोणी ढुंकून पाहणार नाही अशी ही जमीन घेऊन बसले. नातेवाईक हसले. बाबा हट्टी होते आणि तो हट्ट माझ्या वाट्याला आला आहे, असं सगळे म्हणतात.

बाबा गेल्यावर माझ्या पुण्याच्या भावाचं म्हणणं सरळ होतं. झाडं एकदाची तोडायची, लाकूड लकडगंजच्या लाकूडबाजारात घालायचं आणि जमीन प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्याला द्यायची. तो वाईट माणूस नाही, फक्त दहावीनंतर त्या टेकाडावर त्याने पाय ठेवलेला नाही. मी नाही म्हटलं. मग वर्षभर फोनवर भांडणं झाली, वहिनीने दोघांशी अबोला धरून पाहिला, आणि शेवटी तह झाला की जंगलाने स्वतःचा खर्च स्वतः काढला तर ते राहील, नाहीतर जाईल.

मी अडून बसले होते ते सागासाठी नाही, हे इथेच सांगून टाकते. साग मला कंटाळवाणं झाड वाटतं. माझा जीव मोहांत होता, आणि मोहांत म्हणजे त्यांच्याखाली येणाऱ्या बायकांत. टेकाडाच्या पायथ्याशी वीसेक घरांची वस्ती आहे. उन्हाळा लागला की तिथल्या बायका उजाडायच्या आत वर येतात, झाडाखालचा पाला झाडून घेतात आणि टपटप पडलेली मोहफुलं वेचतात. ती अंगणात वाळवून वर्षभर पुरवतात. कोणी त्यांना परवानगी दिली नव्हती, कारण त्यांनी कधी मागितली नव्हती आणि बाबांना ती द्यायची असते हेच कधी सुचलं नव्हतं. मी लहान असताना आई एक अख्खा उन्हाळा धंतोलीतल्या दवाखान्यात होती. बाबा तिच्याजवळ, आणि मी टेकाडाच्या पायथ्याशी, त्यांच्यातल्या एका बाईच्या घरी. ती मोहाखाली बसून माझ्या वेण्या घालायची. तिच्या बोटांना फुलांचा चिकट गोड वास असायचा आणि तो माझ्या केसांत दिवसभर राहायचा. तिला मी अजून मावशी म्हणते. त्या बायका येत राहाव्यात, एवढंच मला हवं होतं.

लकडगंजच्या एका जुन्या व्यापाऱ्याने मार्ग सांगितला. परदेशात फर्निचर पाठवणारे चांगला भाव देतात, पण जंगल नीट राखलंय असं प्रमाणपत्र मागतात. दर काही वर्षांनी थोडी झाडं विरळ करायची, बाकी उभी ठेवायची. "लाकडालेबी आता जन्मदाखला लागते मॅडम," तो म्हणाला आणि त्याने एका सल्लागाराचा नंबर दिला.

सल्लागार गोड बोलणारा होता. मनीषनगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये त्याने लॅपटॉप उघडला आणि दोन योजना समजावल्या. पहिलीत झाडांची मोजदाद, वाढ, तोडीचा आराखडा, संपलं. दुसरीत हे सगळं, शिवाय पाणी, पाखरं, आणि आसपासची माणसं. जंगलावर कोण अवलंबून आहे, त्यांचे वहिवाटीचे हक्क काय, ते मालक पाळतो का, हे तपासनीस स्वतः वस्तीत जाऊन विचारतो. सल्लागाराचा कल पहिलीकडे होता. "दुसरीत माणसं येतात, मॅडम. माणसं आली की भानगड आली."

माझं टाळकं सटकलं. मी त्याला चांगलं अर्धा तास ऐकवलं. माणसं नसलेलं जंगल म्हणजे लाकडाची वखार, असं काहीतरी मी बोलले आणि बोलताना स्वतःवरच खूष झाले. भावाचाही फोन आला, सोपी घे ना, कशाला घोळ. मी दुसरीच घेतली. मला वाटलं, मोहाखाली कोण येतं हे एकदा शिक्क्यानिशी कागदावर आलं की उद्या मी मेले, भावाने मन बदललं, तरी त्या बायकांना कोणी हटकू शकणार नाही. हा विचार मला आजही चूक वाटत नाही, आणि त्यानेच मला जास्त छळलं आहे.

सल्लागाराने एक गोष्ट बजावून सांगितली होती. तपासणीआधी वस्तीत जाऊन काही पढवायचं नाही, योजनेचा नियम आहे. मी पाळला; माझ्या कागदासाठी एक साहेब येणार आहे, एवढंच कळवलं. नियम बरोबरच होता. मालकाने गरिबांना आधी दम देऊन ठेवू नये म्हणून केलेला.

तपासनीस भला माणूस निघाला. मराठी पुस्तकी, पण अदब होती. समाजमंदिराच्या फरशीवर मांडी घालून बसला, काळा चहा आवडीने प्यायला. बायका पदर सावरून भिंतीला टेकून बसल्या होत्या, मावशी मध्ये. त्याने विचारलं, या मॅडमच्या जंगलातून तुम्ही काय काय आणता? मी मनात मोहापासून सुरुवात करून पार झाडूच्या गवतापर्यंत पोचले होते.

मावशी म्हणाली, "आमी काही आणत नाही सायेब. आमी तिकडं जातच नाही."

मला आधी हसूच आलं. मावशी, अहो सांगा ना, असं मी म्हटलं. तिने माझ्याकडे, भलतंच बोलणाऱ्या पोराला आई गप्प करते तसं डोळे मोठे करून पाहिलं. तपासनीस नम्रपणे म्हणाला, मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता का, मालक समोर असले की लोक मोकळं बोलत नाहीत. तोही नियमच. मी बाहेर जाऊन बकऱ्यांच्या गोठ्याशी उभी राहिले. आतून एकेकीचा आवाज येत होता. फुलं नाही, तेंदूपत्ता नाही, काडीबी नाही. जी बाई गेल्याच उन्हाळ्यात मोहाखाली पाय मुरगळून बसली होती आणि जिला मी माझ्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं, ती सांगत होती की तिने ते टेकाड वरून कधी पाहिलं नाही.

तपासनिसाची गाडी गेली तशी मावशी माझ्याजवळ आली. चेहऱ्यावर मोठं काम फत्ते केल्याचं समाधान होतं. माझे केस पिकले तरी तिच्यासाठी मी पोरगीच आहे.

"घोर नको करू वं पोरी. एकीनंबी तोंड नाही उघडलं."

मग तिने सांगितलं. पलीकडच्या मोठ्या जंगलात असाच एक साहेब वही घेऊन आला होता, काय नेता म्हणून प्रेमाने विचारत होता. लोकांनी भोळेपणाने सगळं सांगितलं, आणि पुढच्या साली तिथे जायला बंदी झाली. आणि हा तर माझ्या कामाचा साहेब. बायका जंगल लुटतात असं त्याने लिहिलं असतं तर माझा कागद अडला असता. म्हणून आदल्या संध्याकाळी साऱ्याजणींनी बसून ठरवलं होतं. मी पढवू नये हा नियम होता, पण त्यांनी एकमेकींना पढवू नये असं कुठे लिहिलं होतं.

मी तिला समजावलं की तुम्ही येता हेच मला कागदावर हवं होतं, आणि कागदच नसला तर भाऊ झाडं तोडेल. तिथेच, गोठ्याशी, रडत. "मंग पयले काहून नाही सांगतलं?" एवढंच तिने विचारलं. याला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते इतकं बावळट होतं की मी ते दिलं नाही.

मी योजनेच्या ऑफिसला सविस्तर कळवलं, त्या बायका भीतीपोटी खोटं बोलल्या आहेत, कृपया दुरुस्त करा. त्यांचं उत्तर सभ्य होतं. लोकांच्या स्वतःच्या सांगण्यापुढे मालकाचा शब्द धरता येत नाही. पुढच्या वर्षीच्या तपासणीत पुन्हा विचारू. मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला कुठेही बोट ठेवता आलं नाही. मालकाच्या शब्दाला किंमत नसावी, म्हणून तर मी ही योजना निवडली होती.

प्रमाणपत्र आलं. सोबतच्या अहवालात लिहिलं होतं की स्थानिक लोक या जंगलावर कोणत्याही प्रकारे अवलंबून नाहीत. सल्लागाराने पेढे आणले. भावाने पहिल्यांदा आपणहून फोन करून शाबासकी दिली, म्हणाला, तू करून दाखवलंस, आता कोणी तोडायचं नाव काढणार नाही. मी मुळात हेच मागितलं होतं. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावायचा विसरून तशीच उभी राहिले.

उन्हाळा लागला. माझ्या मनात अजून एक वेडी आशा होती की कागद आपल्या जागी आणि फुलं आपल्या जागी, येतील त्या. पहाटे गाडी काढून गेले. मोहाखाली पाला झाडलेला नव्हता. फुलं त्यातच पडली होती, कालची तपकिरी झालेली, आजची ताजी, आणि वर दाट, आंबूस वास. रानडुकरांनी येऊन उकरलं होतं. मी वाकून वेचायला लागले, पण माझ्या एकटीच्या हाताने काय होणार. ओंजळभर वेचली आणि तिथेच टाकून दिली.

मावशीकडे गेले तेव्हा ती टोपली घेऊन निघायच्या बेतात होती. आणखी चारपाच जणी दारात थांबल्या होत्या. मी तिला म्हटलं, चल वर, आपलंच आहे, कोण बघतंय.

"सायबासमोर नाही म्हटलं ना वं," ती म्हणाली. "पुढच्या साली तो येईन, मोहाखाली झाडलेलं दिसन, तर खोटी कोण पडन? कागद तुया नावाचा. तूच. तुया बापानं आमाले कधी हटकलं नाही. त्याच्या पोरीले आमी खोटी पाडावं?"

मी म्हटलं, पडू दे मला खोटी. मला नको तो कागद, मी परत करते. ती हसली, मी उगाच हट्ट करते आहे असं. कागद गेला की तुझा भाऊ झाडं तोडते, हे तूच सांगतलं होतं, ती म्हणाली. आणि खरंच मीच सांगितलं होतं.

मग मी विचारलं की निघालात कुठे. तिने पलीकडच्या मोठ्या जंगलाकडे हात केला. मला बंदी आठवली, पण तोंडातून दुसरंच बाहेर आलं. मी म्हटलं, मावशी, तिथे वाघ आहे.

"हाय ना," ती म्हणाली. "आमी बोलत बोलत जातो, आवाजानं तो बाजूले सरते."

त्या निघाल्या. रस्ता आमच्या टेकाडाच्या कडेकडेनेच जातो. मोहांच्या खालून जाताना एकीनेही मान वर केली नाही, आणि वळणापलीकडे गेल्यावरही त्यांचं मोठमोठ्याने बोलणं मला ऐकू येत राहिलं. ते थांबेल या भीतीने मी तिथून हलू शकले नाही.