चांगुणाच्या खड्ड्यांतली बुरशी

हिमायतनगरजवळच्या त्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नाही, हे गावाला पाठ होतं. म्हणूनच ग्रामसभेनं तो चांगुणाच्या बचत गटाला दिला. तीनशे करंज लावायचे. दुसऱ्या उन्हाळ्याअखेर निम्मे जगले तर माळ बायकांकडं राहील, नाहीतर परत. परत मिळणारच, या खात्रीनं सगळ्यांनी हात वर केले होते.

चांगुणानं बारा वर्षं रोपवाटिकेत मजुरी केलेली. तिनं खड्ड्यांत सोयाबीनचं भुसकट, शेण, बाजारातला सडका भाजीपाला भरला आणि जंगलातल्या जुन्या करंजांखालची ओंजळ ओंजळ माती घातली. त्या मातीतली बुरशी मुळांना चिकटते आणि मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी आणून देते, हे ती रोपवाटिकेत शिकली होती.

लेक लुंबिनीच्या कॉलेज प्रवेशासाठी ती दोन दिवस विष्णुपुरीला गेली. परतली तर नवरा व्यंकटी पाठीवर पंप घेऊन माळावर उभा.

"भुसकटावर पांढरी बुरशी आली व्हती. हळदीवानी समदं सडलं असतं. औषध सोडून राहिलो," तो कौतुकाच्या आशेनं म्हणाला. जन्मभर दुसऱ्यांच्या हळदीत राबलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

चांगुणानं पंपाची नळी धरली. "किती खड्डे झाले?"

"निम्मे."

"पंप खाली ठिवा. म्या जंगलातून डोक्यावर आणलेली बुरशी तुमी मारली."

तिनं सगळं समजावलं तेव्हा व्यंकटीचं तोंड उतरलं. औषधाचा जोर ओसरल्यावर दीडशे खड्ड्यांसाठी जंगलातून पुन्हा माती त्यानंच वाहून आणली; त्या बाजूची रोपं मात्र उशिरा लागली.

दुसऱ्या मे महिन्यात सरपंच शेषेराव मोजायला आले. मागं अख्खं गाव. चांगुणाच्या बाजूला एकशे चोवीस हिरवे निघाले. व्यंकटीच्या बाजूला मधेच एखादं हिरवं, बाकी काटकीमागून काटकी. ओढली की हातात येत होती. शेवटच्या ओळीच्या टोकाला आकडा एकशे एकोणपन्नासवर अडला. राहिलेल्या एका काटकीवर पान नव्हतं. शेषेरावांनी तिला हात घातला.

"थांबा, दादा," व्यंकटी आडवा झाला. "खरडून बघू द्या." पण स्वतः न खरडता त्यानं चांगुणाकडं पाहिलं.

चांगुणानं बुडाशी साल नखानं खरडली. आत हिरवं होतं.

शेषेरावांनी वाकून ते हिरवं बोटानं चाचपलं. "दीडशे," ते शेवटी म्हणाले.

व्यंकटी खाली बसून सगळ्यांदेखत रडला. चांगुणानं चिमूटभर माती थुंकीनं भिजवली आणि खरडलेल्या जागेवर लिंपली.