ताईची हिरवी साबणदाणी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरला धरमपेठेत चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. एका डोळ्यावर झापड लावून समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचत होतो. सुजाताचा, म्हणजे माझ्या भाचीचा, आवाज अगदी सपाट होता. "मामा, आई गेली. चहा मागितला, मी करून आणला, तर…" एवढंच. दुकानदाराने विचारलं, "काका, खालची ओळ दिसते का?" आणि मी ती ओळ वाचून दाखवली. सगळी अक्षरं बरोबर आली. माणूस अशा वेळी असा का वागतो, मला अजून कळलेलं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आम्हा बौद्धांत तेरवीच्या जागी होतो त्या विधीच्या, दिवशी कळमेश्वरला तिच्या घरासमोर मांडव घातला होता. वंदना झाली, तिच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी बोलल्या, मग धाकटा भाऊ म्हणून मला उभं केलं. मी म्हणालो, "ताई तरुणपणी फार सुंदर गिटार वाजवायची. पुढे संसारासाठी, मुलीसाठी तिने ती सोडली. केवढा हा त्याग!" लोकांनी माना डोलावल्या. एका बाईंनी पदराने डोळे पुसले. मी खाली बसलो. भर मांडवात मी खोटं बोललो होतो. ताईने गिटार सोडली नव्हती. ती माझ्यामुळे तिच्या हातून गेली होती. आज हे लिहिलं नाही, तर माझं खोटंच तिचं चरित्र होऊन बसेल.

आमचे वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. रेल्वे क्वार्टरात एका गार्डसाहेबांच्या बायकोकडे ताई शिवणकाम शिकायला जायची आणि शिवणापेक्षा गिटारच जास्त शिकून आली. आम्ही त्यांना नुसतं मॅडम म्हणायचो. त्या कुटुंबासह परदेशी निघाल्या तेव्हा गिटार ताईच्या मांडीवर ठेवून गेल्या. तेव्हा गिटार आडवी मांडीवर घेऊन, डाव्या हातातली गुळगुळीत लोखंडी दांडी तारांवरून सरकवत वाजवायची पद्धत होती. सूर गळ्यातून निघावा तसा लांबत जायचा. आमच्या वस्तीत असली वस्तू दुसऱ्या कोणाकडे नव्हती. संध्याकाळी दारात बायका जमायच्या, "प्रभे, वाजव न वं!" म्हणून.

पण मला तिचं वाजवणं जेवढं आठवतं, त्याहून जास्त तिचं पुसणं आठवतं. वाजवून झालं की मलमलच्या तुकड्याने एकेक तार चिमटीत धरून पुसायची. तारांखालची धूळ रंगाच्या बारक्या ब्रशने काढायची. मग तारांवरचा ताण उतरावा म्हणून खुंट्या थोड्या सैल करायची. तेल नाही, पॉलिश नाही, मॅडमनी बजावलं होतं. आणि शेवटी ती साबणदाणी. हिरव्या प्लॅस्टिकची, झाकणाची. बाबांनी तापलेल्या दाभणाने तिला भोकं पाडून दिली होती, त्यामुळे भोकांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. तिच्यात स्पंजचा तुकडा. उन्हाळ्यात ताई तो रोज माठातल्या पाण्यात बुडवायची, मुठीत पिळायची आणि साबणदाणी गिटारीच्या पेटीत, मानेपाशी ठेवायची. मी हसायचो. "हे काय वं ताई, गिटारीले आंघोळ घालतेस का?"

"त्याले तहान लागते रे मधू. लाकूड आहे न ते. आपण माठातलं पितो, ते कुठून पिईन? एप्रिलमध्ये तडकून जाईन पटकन."

त्या वर्षी भीमजयंतीच्या कार्यक्रमात ताई पहिल्यांदा स्टेजवर वाजवणार होती. एका जुन्या भीमगीताची चाल तिने बसवली होती. रेडिओवर वाजवणारे एक गृहस्थ ऐकायला येणार होते. पसंत पडलं तर ऑडिशनला बोलावतो, असं त्यांनी बाबांना सांगितलं होतं. बाबा शेडमध्ये ज्याला त्याला सांगत सुटले होते, "मायी पोरगी रेडिओवर येऊन राहिली!"

मी तेव्हा कॉलेजात होतो. धरमपेठेतला एक मित्र होता. त्याच्या घरी मी नेहमी व्हरांड्यात बसायचो. आत ये असं कोणी म्हणत नव्हतं, जा असंही म्हणत नव्हतं. एकदा बोलता बोलता मी म्हणालो, आमच्या घरी गिटार आहे. तो म्हणाला, "हट्, फेकू नको बे!" जयंतीच्या थोडं आधी आई, बाबा आणि ताई कामठीला लग्नाला गेले, घरात मी एकटा राहिलो, आणि मी गिटार उचलली. निघताना पेटी उघडून पाहिली तर ती साबणदाणी. चटके लागलेली, कोपरा झिजलेली. त्या लोकांसमोर पेटी उघडेन तेव्हा पहिल्यांदा हीच दिसेल, असं मनात आलं. मी ती काढली आणि माठाच्या तिवईमागे सरकवून दिली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या घराच्या बैठकीत बसलो. खसचा, म्हणजे वाळ्याचा, वास सुटला होता, कूलर घोंघावत होता, मला काचेच्या ग्लासात सरबत आलं. मित्राच्या चुलतभावाने तारा करकचून आवळल्या आणि दोनचार सूर काढले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निघताना मित्र म्हणाला, "राहू दे ना इथेच. कूलरसमोर थंड राहील. उद्या परत बसू." उद्या परत बसू! हे ऐकून मी गिटार तिथेच ठेवली. तारा तशाच आवळलेल्या. रात्रभर ती कूलरच्या ओल्या हवेत राहिली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी ती सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी निघालो. अंग भाजणारी लू, उन्हाळ्यातला गरम वारा, सुटली होती. वाटेत पाठीमागून एक आवाज आला… तुरीची सुकी काडी, तुऱ्हाटी, मोडावी तसा. मी उतरून पेटी उघडली नाही. मला कळलं होतं.

घरी येऊन पेटी जागेवर ठेवली. साबणदाणी माठामागेच राहिली.

ताई परत आली, हातपाय धुतले आणि सरळ गिटार काढायला बसली. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी उखडून वर आली होती आणि तिच्यापासून खालपर्यंत लाकूड उभं चिरलं होतं. ती ओरडली नाही. बाबा मात्र ओरडले. "उन्हात ठेवली असंन तूनं! काहून ठेवली? वस्तू सांभाळता येत नाही अन् रेडिओवर जातो म्हणते!" ताई उठली आणि माठापाशी पाणी प्यायला गेली. तिथे ती बराच वेळ वाकून उभी राहिली. आमच्याकडे पाठ होती. मला वाटलं, रडत असेल. मग ती वळली आणि म्हणाली, "हो बाबा. उन्हात राहिली. मायीच चूक आहे."

मी तिथेच होतो. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी बोललो नाही. नंतर माठामागे साबणदाणी शोधली, तर ती नव्हती. आईने कचऱ्यात टाकली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

जयंतीला ताई बायकांमध्ये बसून दुसऱ्यांची गाणी ऐकत होती. रेडिओवाले गृहस्थ आले, इतरांना ऐकून गेले. बाबांनी सरस लावून घोडी चिकटवली, पण तारा आवळल्या की पुन्हा उखडायची. गिटारीचं नाव बाबांनी परत काढलं नाही, ताईनेही नाही. पुढे तिचं लग्न कळमेश्वरच्या एका शिक्षकाशी झालं, तीही शाळेत लागली. ती चिरलेली गिटार मात्र तिने सासरी नेली.

ऐंशीनंतर कधीतरी मी एका रविवारी तिच्याकडे गेलो होतो. ती अंगणात चटईवर बसून गिटार पुसत होती. तेच मलमल, तोच ब्रश.

"ताई, वाजत नाही ते. मग पुसतेस काहून?"

"वाजत नाही म्हणून मळकी ठेवू का गा? तुया भाऊजीच्या गुडघ्याचं बी काही चालत नाही, त्याइले आंघोळ घालतोच न आपण!"

आतून भाऊजी हसले, मीही हसलो. त्या हसण्यानंतर एक क्षण असा आला होता की मी सांगू शकलो असतो. मी चहा प्यायलो आणि बसस्टँडवर आलो. असे क्षण पुढेही आले. दिवाळीत आले, तिच्या निवृत्तीला आले, भाऊजींच्या मयतीला आले.

अलीकडे सुजाताने तिला नवी गिटार आणून दिली. कार्बन फायबरची, काळी कुळकुळीत, लाकडाचा तुकडा नाही. तारा उचलून धरणारी पट्टी बसवली की जुन्या पद्धतीने मांडीवर वाजवता येते. सुजाता म्हणाली, "आई, ही गच्चीवर ठेवली तरी तडकत नाही. नुसत्या ओल्या फडक्यानं पुसली की झालं." ताई म्हणाली, "तू ठेव वं गच्चीवर. मी नाही ठेवत." तिची बोटं तोवर सांध्यांत सुजलेली, हातातली दांडी घसरायची. मी गेलो तेव्हा तिने एक चाल वाजवली. अडखळत, पण अख्खी. जयंतीला वाजवायची राहिलेली. वाजवून झाल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाली, "आठवते का रे?" मी म्हणालो, "नाही वं ताई. कोणती?"

ती फडकं घेऊन तारा पुसायला लागली. आमची ती शेवटची भेट.

पुण्यानुमोदनानंतर आणखी काही दिवसांनी सुजाता ती नवी गिटार घेऊन माझ्या घरी आली. "आईनं सांगून ठेवलं होतं. मधूले द्यायची म्हणे. त्याले सांभाळू दे." मी पेटी उघडली. आत काळी गिटार, मलमलचा तुकडा, ब्रश… आणि मानेपाशी हिरवी साबणदाणी. बाबांनी दाभणाने पाडलेली भोकं, काळ्या कडा, झिजलेला कोपरा. माठाशी ताई रडत नव्हती. तिला ती तिवईमागे सापडली होती, आणि पेटी कोणी उघडली ते तेव्हाच कळलं होतं. त्यानंतर तिने बाबांसमोर चूक आपली म्हणून सांगितली, आणि मग जन्मभर साबणदाणी जपून ठेवली, आणि मला एका शब्दाने विचारलं नाही.

स्पंज वाळून टणक झाला होता. मी उठून माठाकडे गेलो. सुजाता म्हणाली, "मामा, कार्बनची आहे ती. हिले पाणी लागत नाही. आईले मी कितीदा सांगितलं, ऐकतच नव्हती."

मी स्पंज बुडवला, मुठीत पिळला आणि साबणदाणी जागेवर ठेवली.

मला वाजवता येत नाही. तारा पुसतो, खुंट्या सैल करतो. सकाळी उठलो की चहाच्या आधी पेटी उघडून स्पंजला बोट लावून पाहतो. आपली नागपूरची हवा… तो वाळलेलाच असतो.