काटा शून्यावर

जेवण झालं की सुनीतीबाई रेगे तासभर आडव्या होतात. भाची शाळेत शिकवायला गेलेली असते, घरात फ्रिजची घरघर तेवढी. आज पापण्या मिटता मिटता त्या घरघरीचे तुकडे पडायला लागतात. टिक. टिकटिक. टिक. हा आवाज बाईंना झोपेतही ओळखू येतो. किरणोत्साराचा एकेक कण काचेच्या नळीत शिरला की तो मोजणारं यंत्र असं बोलतं. तसली यंत्रं बनवण्यातच त्यांचा जन्म गेला.

पायथ्याशी कोणीतरी उभं आहे.

"झोपलात काय, बाई?"

इनास डाबरे. खाकी शर्ट, फुंकर घालून घालून सैल पडलेले गाल. प्रयोगशाळेत काच फुंकायचं काम त्याचं. त्याला जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली हे बाईंना आत्ताही ठाऊक आहे, पण त्याचं त्यांना नवल वाटत नाही.

"नाही, पडलेय जराशी. बसा ना, इनास."

त्या उठून बसतात, तर खाली पलंग नाही, कार्यशाळेतलं लाकडी बाक आहे. समोर निळी ज्योत फुरफुरते आहे आणि इनास तिच्यावर नळी फिरवतोय. परदेशातून यंत्रं येईनात, तेव्हा बत्तीस वर्षांच्या सुनीती रेगेंनी ठरवलं होतं, आपण इथंच बनवू. काच इनासची, आतला वायू आणि जोडणी बाईंची. सुरुवातीच्या सगळ्या नळ्या तडकल्या. पावणेदोन वर्षांनी एक बोलली.

"त्या दिवशी मी पेढे वाटले होते," बाई म्हणतात.

"पेढे कुठले! तुमच्या डब्यातली गूळपोळी दिलीत. अर्धी मला, अर्धी तुम्हाला."

त्याला सगळं आठवतंय.

"इनास, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐका," तो ज्योत विझवतो. "मला एक विचारायचं राहिलं होतं."

तो दार उघडतो. दाराबाहेर व्हरांडा असायला हवा, पण आहे ते एका ओतकाम कारखान्याचं आवार. रणरणतं ऊन आणि माणसाच्या उंचीचा भंगाराचा ढीग. बाई या जागी कधीच आल्या नव्हत्या. ओतीव भागांतल्या भेगा तपासायची किरणोत्सारी कोबाल्टची जोंधळ्याएवढी गोळी इथं हरवल्याचा निरोप आला, तेव्हा त्या एका परिषदेसाठी दिल्लीला होत्या. ती शोधायला इनास आपणहून निघाला होता. यंत्र माझ्याच काचेचं आहे, मी जातो, म्हणाला होता.

आता तो ढिगापाशी उकिडवा बसलाय. हातात त्यांचं यंत्र.

"हे बघा, बाई. गेटपासून काटा चढत चढत आला. इथं आलो आणि धपकन खाली. शून्यावर. म्हणजे इथं काही नाही ना? मी हे पत्रे उचलून पलीकडं टाकू का?"

बाईंना माहीत आहे. किरणं फारच जवळून, फारच जोरात आली की नळीला मोजायला उसंत मिळत नाही, ती गप्प बसते आणि काटा शून्यावर येतो. शून्य म्हणजे तिथं काही नाही असं नव्हे. शून्य म्हणजे पळ. हे त्यांनी चाचणीत पाहिलं होतं, एकदा नाही, दोनदा. अहवालात तशी ओळही लिहिली होती. मग इतक्या जवळ कोण कशाला जाईल असं वाटून आणि मंजुरी लांबेल म्हणून आपल्याच हातानं खोडली होती.

उठा, म्हणायचं आहे. इनास, टाका ते आणि पळा. त्या तोंड उघडतात आणि त्यांच्या तोंडून स्वच्छ, ठाम आवाजात निघतं,

"यंत्र नियमाप्रमाणे तपासलेलं होतं."

लांब टेबलामागचे तीन गृहस्थ माना डोलावतात. एक जण लिहून घेतो. आवार गेलंय, ऊन गेलंय, ही चौकशीची खोली आहे. मृत कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा, असं इंग्रजीत मोठ्यानं वाचलं जातं. भिंतीशी काळ्या कपड्यातली एक बाई बसली आहे. तिला शब्द कळत नाहीत, म्हणून ती सुनीतीबाईंकडे बघते. त्या चष्मा पुसायला घेतात. तेव्हाही असाच घेतला होता.

"ती माझी बायको, फिलोमिना," इनास कानाशी म्हणतो. तो आता खाटेवर आहे, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, आणि केस उशीवर गळून पडलेले. सतरा दिवस तो असा होता. बाई एकदाच गेल्या होत्या, तेही काचेच्या अलीकडून.

"मला दोष माहीत होता, इनास."

अखेर शब्द बाहेर पडतात. बाई वाट बघतात. तो रागावेल, रडेल, निदान तोंड फिरवेल.

"मला तेव्हाच कळलं," तो म्हणतो. "इथं पडल्या पडल्या डोकं चालवलं. पुढं तुम्ही दुरुस्त केलंत ना?"

"केलं. काटा आता वरच अडकून राहतो, खाली येत नाही. त्याच दुरुस्तीवर माझं नाव झालं. पदक मिळालं. लोक म्हणतात, मी हजारो माणसं वाचवली."

"मग चांगलं झालं की."

"असं नका म्हणू हो!" बाई ओरडतात. "शिव्या द्या मला."

खाट आता केळीच्या वाडीत उभी आहे, पाटातून पाणी वाहतंय. कौलारू घराच्या ओट्यावर इनास बसलाय, हात धडधाकट.

"मला नका सांगू, बाई. फिलोमिनाला लिहा. गावात लोक तिला म्हणायचे, तुझा नवरा बेफिकीर होता. तिला एवढंच कळायला हवं होतं, की नव्हता."

"लिहिते. पत्ता सांगा. मी कधी विचारलाच नाही."

तो सावकाश सांगतो, घराचा नंबर, आळी, गाव, पिनकोड. बाई घाईघाईनं लिहितात. शेवटचा आकडा झाल्यावर मान वर करतात, तर घराच्या दाराला आडवी फळी ठोकलेली.

"इथं कोण असतं आता?"

"कोणी नाही. फिलोमिना गेल्या मे महिन्यात आली माझ्याकडं."

"मग तिला सांगितलंत ना तुम्ही? मी बेफिकीर नव्हतो म्हणून?"

"सांगितलं," इनास म्हणतो. "ती म्हणाली, त्या बाईंनी सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं."

तो उठून केळींत चालू लागतो. बाई हाका मारतात. तो मागं बघत नाही. आणि ती टिकटिक, जी इतका वेळ कुठंतरी चालूच होती, थांबते.

फ्रिज बंद पडलाय. वीज गेली आहे. घामानं उशी ओली झाली आहे आणि खिडकीत अजून दुपारच आहे. सुनीतीबाई हात उचलायला जातात तेव्हा कळतं, की बोटांत पेन आहे. उशाशी औषधांचं पाकीट पालथं पडलंय. त्यावर त्यांच्याच अक्षरात चार ओळी आहेत: फिलोमिना इनास डाबरे, घर क्रमांक, आळी, वसई तालुक्यातलं एक गाव, जे त्यांनी जन्मात कधी ऐकलेलं नाही. पिनकोड सहाही आकड्यांचा.

त्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवतात. शाई बोटाला लागते.