वैशाखातलं धुकं

आपलं पाचूबंदर गाव सोडलं तेव्हा लढाई ऐन भरात होती. मुंबईला आगबोटीवर खलाशी म्हणून माझं नाव लागलं होतं आणि बा मला आपल्याच होडीतून भाऊच्या धक्क्याला सोडायला आला. सुकाणू तुझ्या हातात होतं, संतान, माझ्या भावा. मी चाललो म्हणून तू वाटभर माझ्याशी बोलला नाहीस. बा मात्र सारखा कुरकुरत होता, "गोऱ्यांची लढाई, त्यांचा काय भरोसा? तू पान्यात पडलास त काढनार कोन?" मला हसू आलं होतं.

बाचा सगळा कायदा पाण्याचाच. दर्यात जाळी बांधायच्या खुंटांवरून पलीकडच्या बंदरातल्यांशी आपली भांडणं काय थोडी झाली? वल्ही चालायची, दगड चालायचे, डोकी फुटायची. पण माणूस पाण्यात पडला की बा ओरडायचा, "आदी वर काढ, मंग काय मारायचा त मार!" आणि वर काढलेल्या, खारं पाणी ओकणाऱ्या माणसावर हात उठतोय कोणाचा? आय त्याला पेज पाजायची आणि वर चार शिव्याही द्यायची. मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असणार. कसला येडा होतो मी!

पुढे आमच्या ताफ्यातल्या लढाऊ जहाजानं शत्रूची एक पाणबुडी फोडली. तेलानं काळ्या झालेल्या पाण्यात माणसं हात हलवत होती. मी काही विचार न करता दोर टाकला. बोटीवरचा गोरा अधिकारी, मेट साहेब, धावत आला, त्यानं आम्हा खलाशांच्या मुकादमाला, सारंगाला, दोर वर ओढायला लावला. खाली दुसरी पाणबुडी असेल, थांबलो की मेलो, म्हणाला. असेलही खरं. पण बंदराला लागल्यावर चौकशीच्या साहेबांना त्यानं सांगितलं, पाण्यात कोणी दिसलंच नाही. आम्हा खलाशांना कोण विचारतो? तेव्हापासून 'दिसलं नाही' म्हणणाऱ्या माणसाचा मला संशय येतो.

लढाई संपल्यावर विलायतेत कार्डिफला उतरलो तो इथलाच झालो. ब्रेड-बटर, कोळशाची शेगडी, आयलीनशी लग्न आणि पोरं. गोदीजवळच्या टी-शॉपमध्ये आम्ही जुने खलाशी जमतो तेव्हा हाच वाद, पाण्यातल्या माणसासाठी थांबायचं की नाही. आमचा तोच सारंग, रत्नागिरीचा, म्हणतो, "लढाई म्हणजे काय कबड्डी आहे, शिट्टी वाजली की थांबायला? आपल्या बोटी बुडवताना ते थांबले होते?" मी टेबलावर हात आपटून सांगायचो, आमच्या गावात थांबतात!

गेल्या महिन्यात आपल्या गावचा कैतान बोटीवरून इथं आला. हौसेनं घरी जेवायला नेला, तर जेवताना त्यानं हे सांगितलं. ऐन वैशाखात पलीकडच्यांनी आपली जाळी कापली, दोन्हीकडून कोयते निघाले, त्यांच्याकडे तर बंदूकही होती. त्यांचा एक तरणा गडी पाण्यात पडला. सगळ्यांत जवळ तुझी होडी होती. पोलिसांना तू सांगितलंस, धुकं होतं, दिसला नाही. त्याचं प्रेत राजोडीच्या किनाऱ्याला लागलं.

संतान, वैशाखात धुकं? पाचूबंदरला? अरे, इतकी वर्षं बाहेर आहे म्हणून मला काय आपल्या दर्याचं ऊन माहीत नाही?

बा काय म्हणाला, मी विचारलं. कैताननं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "तुजा बापूस आता संतानच्या होडीत चढत नाय."

बंदूक बघून घाबरलो, असं सांग. जाळी कापलेली बघून डोकं फिरलं, मरू दे म्हटलं, असं सांग. मी तुला आईबापावरून शिव्या घालीन, पण ते माझ्या भावाचं बोलणं असेल. धुकं हे मेट साहेबाचं बोलणं आहे. ते तुझ्या तोंडी आलं कुठून?

आयलीन अधूनमधून विचारते, तुझ्या गावात असं आहे तरी काय, सारखं गाव-गाव करतोस? मी नेहमी सांगायचो, तिथं पाण्यात पडलं तर जवळची होडी कोणाची, हे बघावं लागत नाही. काल तिनं परत विचारलं. मी म्हटलं, मासळी चांगली मिळते.