आक्काचं मत

"थांबा, इचारून येते," असं म्हणून आक्का उठायची, पदर खोचायची आणि चालू लागायची. ग्रामपंचायतीची बैठक तिथेच अडायची. आक्काची वस्ती गावापासून पाऊण मैलावर. विषय गटारीचा असो नाहीतर शाळेच्या पत्र्यांचा, वस्तीवरच्या घराघरात विचारल्याशिवाय ती हात वर करायची नाही. मी त्या गावचा ग्रामसेवक. तुमच्यापैकी कुणी सरकारी कागद लिहिले असतील, तर माझे हाल त्यांना कळतील. इतिवृत्त अर्धवट, बाकीचे सदस्य तंबाखू मळत बसलेले आणि आक्का उन्हातान्हात गायब.

एकदा मी चिडून म्हणालो, "आक्का, लोकांनी तुम्हाला निवडून दिलंय. आता मत तुमचं. दरवेळी काय विचारायचं?"

"माझं काहून, भाऊसाहेब? म्या काय हितं माझ्या घरचं काम करते का?"

घरचं काम म्हणजे तरी काय, एक म्हैस. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही. सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत दूध घालायचं, त्यावर तिचं भागायचं. माहेर मात्र गावातच होतं. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला हिनंच कडेवर वाढवलेलं. तोही पंचायतीचा सदस्य. बैठकीत तो जोरात बोलायला लागला की आक्का विषय सोडून त्याच्याकडेच कौतुकानं बघत बसायची.

मग तो दुष्काळ आला. होळीच्या आतच विहिरींचे तळ दिसायला लागले. गुरांची छावणी मंजूर झाली. चालवणार होती दूध संस्था, पण जागेचा ठराव पंचायतीचा होता. नेमका त्याच वेळी सरपंचांनी आधी ठरल्याप्रमाणे राजीनामा दिला. तेव्हा सरपंच पंचायतीच्या सात सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचा असायचा. उभे दोघं राहिले. एक आक्काचा भाऊ. त्याला छावणी गावापलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या स्वतःच्या रानात हवी होती. दुसरा म्हणत होता, वस्तीच्या गायरानात करू. वस्तीवरची धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारीकोतारी. ती दोन मैलांवर जाऊन गुरांपाशी कशी राहणार? दोन्हीकडे तीन-तीन सदस्य आणि मध्ये आक्का.

मतदानाआधी सदस्यांना सहलीला पळवायची आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नकोच. भाऊ जीप घेऊन वस्तीवर आला. आक्का म्हणाली, "आले असते रे, पर म्हस दुसऱ्याला कासंला हात लावू देत न्हाई." त्याला हे ठाऊक होतंच. तो तासाभरात टेम्पो घेऊन परत आला. पुढे जीप, मागे टेम्पोत म्हैस, अशी ती सहल कपिलधारच्या देवस्थानाला गेली. त्या साली तिथल्या धबधब्याला धार नव्हती. दर्शन झाल्यावर करायला काही उरलं नाही, म्हणून सगळ्यांनी तीन दिवस नुसता चहा प्याला, असं जीपवाल्यानं मला सांगितलं.

सहलीला निघायच्या आदल्या दिवशी आक्का वस्तीवर घर न् घर फिरून आली होती. हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

मतदानाच्या दिवशी तहसीलचे साहेब आले. भावाच्या नावाला तीन हात वर झाले. आक्काचा हात मांडीवरच. दुसऱ्याचं नाव घेतलं तेव्हा तिचा हात वर गेला. मान खाली घालून, साहेब "खाली घ्या बाई" म्हणेपर्यंत तिनं तो तसाच धरून ठेवला.

"आक्का, तीन दिस माझं खाल्लंस की गं!" भाऊ ओरडला.

"चहाला दूध म्हशीचंच व्हतं की रे," असं ती हसून म्हणायला गेली आणि तिला रडू फुटलं.

छावणी गायरानात झाली. वस्तीवरचं एकही जनावर त्या उन्हाळ्यात कसायाच्या दाराला गेलं नाही. भावानं मात्र बोलणं टाकलं. त्या भाऊबीजेला तो आला नाही, पुढच्याही नाही. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. आक्का भाऊ असून चंद्राला ओवाळायची. मला त्या माणसाचा फार राग यायचा.

काही वर्षांनी कायदा बदलला. सरपंच थेट लोकांनीच निवडायचा, असं झालं. चावडीसमोर गुरुजी पेपर वाचून सांगत होते की अमेरिकेत लोक मतं देतात, पण राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यातून निवडलेल्या मोजक्या माणसांच्या मतांवर. कधी कधी जास्त मतं मिळालेला माणूसही घरी बसतो. आक्कानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या मोजक्या मान्सांना बी सहलीला नेत्यात का?" गुरुजींनी पेपरचं पान उलटलं.

घरी जाताना ती माझ्यापाशी थांबली. "भाऊसाहेब, आता सरपंचाला मत द्यायचं त्ये कुनाचं? वस्तीचं का माझं?"

"आता तुमचं एकटीचं. वस्तीवरचा जो तो आपापलं देईल."

"कुनाला इचारायचं न्हाई?"

"नाही."

तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू! "मंग म्या माझ्या भावाला दीन. लई दिसांचं मनात हाय."

भाऊ उभा होता आणि पडला. वस्तीनं जुना राग काढला. त्याला तुमचं मत सांगा, असं मी आक्काला परोपरीनं म्हणालो. "नगं," ती म्हणाली, "हरल्यावर गोड बोलती, आसं वाटंल त्याला. तुमी बी सांगू नगा."

पुढे माझी बदली गेवराईकडे झाली. आक्का गेल्याचा निरोप मला उशिरा मिळाला. दहाव्याला गेलो, तर भाऊ डोकं भादरून एका बाजूला बसला होता. आक्कानं सांगू नका म्हटलेलं मोडावं की नाही, याचा विचार करतच मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. शेवटी तिचं मत त्यालाच होतं, हे सांगून टाकलं.

त्यानं भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "वस्तीच्या मशीनमधनं मला एकच मत निघालं व्हतं, भाऊसाहेब. कुनाचं आसंल, म्हनून म्या वस्तीवरच्या समद्यांची नावं घेऊन बघितली व्हती. एक तिचं सोडून."