चार बोटं काठ

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्सची नोकरी करून ज्योत्स्ना निवृत्त झाली, तेव्हा तिच्या कपाटात बाहेर नेसायच्या म्हणाव्यात अशा साड्या आठ-दहाच होत्या. सगळा जन्म गणवेशात गेला. फिक्या रंगाची, लवकर वाळणारी साडी घ्यायची आणि विरेपर्यंत वापरायची, एवढंच तिला कपड्यांचं कौतुक. त्यामुळे निवृत्तीनंतर सहा महिन्यांतच ती जुन्या जरीच्या साड्या शोधत हिंडायला लागली, तेव्हा तिचा नवरा आनंदराज चक्रावलाच.

"नवीकोरी घे की," तो म्हणायचा. "लोकांनी वापरून टाकलेलं कशाला आणून राहिलीस घरात?"

ज्योत्स्ना आपली पिशवी घेऊन बाहेर पडायची. तिला हवी होती ती साडी नव्या साड्यांच्या दुकानात मिळणारी नव्हती. आणि ती कशी दिसत होती याचा पुरावा म्हणून तिच्यापाशी एक फोटो होता, बस्स.

फोटो लातूरचा, एकोणीसशे शहाऐंशीच्या फेब्रुवारीतला. नर्सिंगच्या मुलींचा शपथेचा कार्यक्रम. हातात दिवे, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, आणि मागे मुलींची माणसं. अगदी कडेला ज्योत्स्नाची माय, भीमाबाई. गळ्यापासून घोट्यापर्यंत चौकडीची चादर गुंडाळून उभी. चादरीखाली साडीचा काठ तेवढा दिसतो. चार बोटं. डाळिंबी रंग आणि त्यावर जरीची बारीक बारीक देवळं.

ती चादर ज्योत्स्नाच्या वसतिगृहातल्या खाटेवरची होती.

माय शिरूर अनंतपाळहून सकाळच्या एसटीनं आली होती. बाप केव्हाच गेलेला. मायनं दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जाऊन ज्योत्स्नाला शिकवलं. फाटकातून ती आत आली ती डाळिंबी रेशमी साडी नेसून, हातभर जरीचा पदर खांद्यावरून पुढं घेऊन. बाकीच्या बायका साध्या पातळात. डांबरगोळ्यांचा वास दहा पावलांवरून येत होता. ज्योत्स्नाच्या खोलीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "अगं बाई, नाटकातली राणी आली!" पोरी खुसखुसल्या. राणी म्हणजे आपलीच माय, हे ज्योत्स्नानं त्यांना सांगितलं नाही. मायचा हात धरून ती तिला सरळ खोलीत घेऊन गेली.

"हे काय घालून आलीस माय? साधं काही नव्हतं का?"

मायनं पदराकडं बघितलं.

"घे, पांघर हे. सभागृहात लई थंडी हाय." ज्योत्स्नानं खाटेवरची चादर ओढली आणि स्वतःच्या हातानं तिच्या अंगावर लपेटली.

कार्यक्रम झाला, फोटो निघाला, माय संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. त्यानंतर ती साडी ज्योत्स्नानं कधीच पाहिली नाही. दोनेक वर्षांनी सहज विचारलं, तर माय म्हणाली, "बोहारणीला दिली. एक पातेलं आलं. काय करायचं ठिवून?" पुढं दोन हजार नऊ साली माय गेली. तिच्या पेटीत चार सुती लुगडी निघाली.

नोकरीच्या धबडग्यात हे सगळं कुठंतरी तळाशी बसलं होतं. हात रिकामे झाले आणि ते वर आलं. तशीच एक साडी मिळावी, घरात असावी, एवढंच तिच्या मनात होतं. मिळाल्यावर काय करायचं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

पहिली साडी तिनं नांदेडातच एका प्रदर्शनात घेतली. विकणारी तरतरीत मुलगी म्हणाली, ऐंशी वर्षं जुनी आहे, हातमागाची. घरी आणून ज्योत्स्नानं ती पाण्यात बुडवली आणि बादली लालभडक झाली. जरीची तार नखानं खरवडली तर खालून प्लॅस्टिक. साडी फार तर दोन वर्षांची असेल, मुद्दाम मळवलेली. दुसरी फोनवरून मागवली. पुण्याला असलेल्या तिच्या मुलीनं, मनिषानं, त्या साडीचा फोटो धाडला होता. "आई, हा बघ, तसाच काठ!" पार्सल उघडलं तर आत नुसता पदर आणि जेमतेम दोन वार कापड, बाकीचं कापून कुणीतरी ड्रेस शिवला असावा. तक्रार केली तर उत्तर आलं, जुना माल परत घेत नाही मॅडम, खाली लिहिलेलं आहे. खरंच लिहिलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात.

मग कुणीतरी देगलूरच्या वीरभद्रअप्पांचं नाव सांगितलं. जुने साडीव्यापारी, दुकान बंद करून दहा वर्षं झालेली, पण घरात चार गाठोडी शिल्लक. अप्पांनी फोटो नाकाजवळ धरून पाहिला, आत गेले आणि एक साडी घेऊन आले. डाळिंबी रंग. देवळांचा काठ. ज्योत्स्नानं लगेच पर्स उघडली.

"घडी मोडून बघा ताई," अप्पा म्हणाले. "जुन्या रेशमाचा भरोसा न्हाई. मागून मला नाव ठिवू नका."

"नाही, नाही. हीच. बघायचं काही नाही."

नांदेडला येऊन तिनं ती पलंगावर उलगडली. पहिल्या घडीवर बारीक आवाज झाला, कागद फाटावा तसा. दुसरी घडी उकलली, तिथंही. जिथं जिथं घडी पडली होती, तिथं तिथं रेशीम सरळ रेघेत उकललं. तिनं श्वास धरून ती पुन्हा होती तशी ठेवायला बघितली, तर आणखी दोन ठिकाणी गेली. दोष कुणाला द्यायचा? अप्पांनी सांगितलं होतं.

रडवेल्या तोंडानं ती जुन्या नांदेडातल्या रफूवाल्या चाचांकडं गेली. त्यांनी कापड बोटांवर घेतलं, उजेडात धरलं आणि मान हलवली.

"दीदी, भोक असलं तर भरतो. पण हितं कपडाच सुई धरून न्हाई राहिला. सालोसाल एकाच घडीत पडून राहिलं की असंच होतं. नेसायला पायजे होती कुणीतरी."

मग कशी हवी होती ते दाखवावं म्हणून तिनं फोटो पुढं केला. चाचांनी भिंग लावून तो काठ बराच वेळ पाहिला.

"ही पण जुनीच घेतलेली का?"

"नाही हो. माझ्या आईची होती."

"मग हितं बघा." त्यांनी सुईचं टोक फोटोवर टेकवलं. "सगळ्या देवळांचे कळस वर, आणि ही वीतभर देवळं उलटी. दुसरीकडचा काठ कापून हितं जोडलाय. घरच्या बाईचा हात हाय, पण मेहनत लई केलीय."

एवढी वर्षं तो फोटो बघून ज्योत्स्नाला ते दिसलं नव्हतं.

मायच्या आठवणी सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, तिची धाकटी बहीण पार्वतीबाई. दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना शिरूर अनंतपाळला गेली. मावशी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. जयभीम झाला, पाणी झालं, आणि ज्योत्स्नानं विचारलं, "मावशी, मायच्या त्या रेशमी साडीला जोड होता का गं?"

मावशीचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"फोटोत दिसतंय."

"व्हता. उदगीरच्या बाजारातनं घेतली व्हती तिनं, बोहारणीकडनं. लोक कपडे दिऊन भांडी घेतात, तुझ्या मायनं भांडं दिऊन कपडा घेतला. आजीची पितळी घागर दिली. मी म्हणलं, येडी हाईस का? तर म्हणली, पोरगी शपथ घेणार, सायबांच्या बायका येतील, मी काय असंच जाऊ? आन् घरी आणून उजेडात बघितली तर खालचा काठ वीतभर जळलेला. चुलीपाशी पेटला असंल कुणाच्या तरी. बोहारणीनं घडी अशी घातली व्हती की दिसू नये. दुसऱ्या बाजारी पुना गेली, तर ती बाई कुठं सापडती! लई रडली. मग आमी दोघींनी आतल्या टोकाचा काठ कापला आन् तिथं जोडला. तीन दुपारा गेल्या. उलटा लागलाय हे नेसल्यावर ध्यानात आलं."

मावशी थोडी हसली. ज्योत्स्नाला हसता आलं नाही.

"लातूरहून आल्यावर काय म्हणाली?"

"काय म्हणंल? पोरीला लई आवडली म्हणली. थंडी व्हती म्हणून पोरीनं आपली चादर काढून दिली, म्हणून समद्या गल्लीला सांगत व्हती."

ज्योत्स्नानं ढिगातली एक शेंग उचलली आणि सोलली.

"मावशी," ज्योत्स्ना म्हणाली, "थंडी नव्हती."

"ठाव हाय. त्या फेब्रुवारीत मीबी हितंच व्हते की."

"मायला कळलं होतं का?"

"तिनं कवा सांगितलं न्हाई, मी कवा इचारलं न्हाई." मावशीनं टरफलं बाजूला सारली. "आता रडून काय करतीस? ऊठ, भाकर खा."

ज्योत्स्नानं भाकरी खाल्ली. चव लागली नाही, पण मावशी समोर बसून होती म्हणून शेवटपर्यंत खाल्ली.

नांदेडला आल्यावर दोन-तीन दिवसांनी मनिषाचा फोन आला. आणखी एक साडी सापडली होती, या वेळी विकणारा पूर्ण उलगडून दाखवायला तयार होता. ज्योत्स्ना म्हणाली, आता नको. का, असं मनिषानं विचारलं, आणि ज्योत्स्नानं आजवर कुणालाही न सांगितलेलं तिला सांगितलं. राणी, चादर, घागर, सगळं. मधे एकदाही थांबली नाही.

मनिषा म्हणाली, "आई, तू वीस वर्षांची होतीस गं तेव्हा."

"हो," ज्योत्स्ना म्हणाली. आणि तिच्या मनानं पहिल्यांदाच दुसरा हिशेब केला. आजवर त्या फोटोतली बाई तिला म्हातारीच दिसत आली होती.

"माय चाळीसची होती," ती म्हणाली. "चाळीसचीच. पोरीसाठी म्हणत होती, पण तिलाही एकदा नटावंसं वाटलं असणार."

पलीकडून मनिषा काहीतरी म्हणाली. ज्योत्स्नाला ते नीट ऐकू आलं नाही, आणि तिनं पुन्हा विचारलंही नाही.